पत्रकाची कोरी बाजू

पत्रक चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या बाजूने बोलण्यासारखं या सगळ्यात एवढंच आहे.

मथळा माझा होता: 'मराठी बापा, तुझं लेकरू कुठल्या भाषेत रडतं?' खाली चार परिच्छेद, प्रत्येकाच्या शेवटी उद्गारचिन्ह. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून मी पत्रकं लिहीत होतो. भाववाढीविरुद्ध लिहिली, वसतिगृहातल्या पातळ डाळीविरुद्ध लिहिली, आणि सगळ्यात जास्त लिहिली ती भाषावार राज्यांसाठी. पहिल्या ओळीत माणसाची गचांडी धरायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत सोडायची नाही, हे मला येत होतं. तेवढंच येत होतं, हे कळायला तो जून जावा लागला.

हैदराबाद राज्य तुटून सातेक महिने झाले होते. ज्यासाठी आम्ही घसे फोडले ते पदरात पडलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही हैदराबाद शहरातले मराठी होतो तिथेच राहिलो, आपणच मागून घेतलेल्या रेषेच्या अलीकडे. कचेऱ्यांमधले मराठी साहेब बदल्या घेऊन औरंगाबादला, मुंबईला निघाले. लॉऱ्यांत पलंग चढले, मुलांचे दाखले निघाले. चिक्कडपल्लीतल्या आमच्या मराठी शाळेत बाकं रिकामी व्हायला लागली. मागे उरले ते ज्यांना बदली नावाची गोष्ट मिळत नाही ते. अफझलगंजच्या आडतींवरचे मुनीम आणि हमाल. तारनाक्याच्या बाजूला रेल्वेच्या कारखान्यात राबणारे फिटर, खलाशी. आमच्या भाषणांत 'मराठी जनता' म्हणायचो ती खरं तर हीच, पण तोवर आमची तिच्याशी ओळख नव्हती.

मे महिन्यात शिक्षण खात्याचा कागद आला. जूनअखेर पहिलीच्या पटावर पंचवीस मुलं नसतील, तर मराठी पहिली बंद. पहिली बंद म्हणजे पुढच्या साली दुसरी बंद, मग तिसरी. शाळा मुळाकडून वाळते. कागद आला त्या दिवशी पटावर नऊ नावं होती.

म्हणून मेळावा घ्यायचं ठरलं. नव्या मुलांना आणि आईबापांना बोलवायचं, शाळा दाखवायची, गोडी लावायची आणि तिथल्या तिथे नावं घालून घ्यायची. त्यासाठी शाळा समितीची बैठक बसली; मीही समितीत होतो. समितीचे अध्यक्ष वकील होते. शाळेतल्या एकुलत्या एका वेताच्या खुर्चीत ते बसायचे आणि मातृभाषेवर बोलायला लागले की त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. त्यांची नात इंग्रजी शाळेत जायची. त्या शाळेची बस रोज सकाळी आमच्या शाळेसमोरूनच जायची, त्यामुळे हे गुपित नव्हतं. कोणी बोलत नव्हतं, इतकंच. मीही नाही. वर्गणी तेच जमवून आणायचे.

अध्यक्षांना समई हवी होती, पाहुणे हवे होते, स्वागतगीत आणि 'दोन शब्द' हवे होते. पहिलीच्या बाईंनी आपलं म्हणणं एका पाटीवर लिहून आणलं होतं. बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक.

"दहाला बोलवा, अकराला सोडा," त्या म्हणाल्या. "आईला मुलाशेजारी बाकावर बसू द्या. मी एक गोष्ट सांगीन. मग नळ दाखवू, घंटा वाजवून दाखवू, मुतारी दाखवू. पहिल्या दिवशी मूल शाळेला भीत नाही. कुठे जायचं ते विचारायला भितं."

मुतारी ऐकून अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं.

"आणि आईबापांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना बोलू द्या. ते एकच विचारणार आहेत, चौथीनंतर काय? त्याचं उत्तर तयार ठेवा."

उत्तर कोणाकडेच नव्हतं. तेव्हा आम्ही स्वागतगीताच्या चालीवर चर्चा केली. पाऊण तास केली.

मग माझी कल्पना आली. कल्पना म्हणजे माझीच, ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. मंचावर टेबल ठेवायचं, टेबलावर कोरी वही. एकेका पालकाने वर यायचं आणि सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने, मराठीत सही करायची. मायबोलीची सही! इतकी वर्षं परक्या लिपीत दस्तखत केलेल्या माणसाने पहिल्यांदा आपल्या लिपीत नाव लिहायचं.

"वा!" अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "याची बातमी होईल."

बाई म्हणाल्या, "सगळ्यांना लिहिता येईल?"

"नाही येणार त्यांचं मी लिहीन. निरक्षर असणं हा गुन्हा नाही, बाई."

"मी निरक्षरांचं म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या आणि पाटी पदराने पुसून टाकली.

त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. जुन्या, निजामाच्या राज्यात कोर्ट उर्दूत, महसूल उर्दूत, मोठी शाळा उर्दूत. जो शिकला तो उर्दू शिकला. माझ्या वडिलांच्या वयाची कितीतरी माणसं घरात मराठी बोलायची, मराठीत भांडायची, मराठीत मेलेल्याला रडायची आणि पत्र मात्र उर्दूत लिहायची. बाराखडी त्यांना कोणी दाखवलीच नव्हती. माझे वडील त्यांतलेच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर त्यांची सही उर्दूत आहे. मला स्वतःला चौथीपर्यंत उर्दू होतं, आजही वाचता येतं. सगळं माहीत होतं. म्हणूनच तर ते मला एका सकाळीत पुसून टाकायचं होतं.

पत्रक अफझलगंजच्या एका छापखान्यात छापलं. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एकीकडे मराठी टाइप, दुसरीकडे कातिब बसून दगडावर छापायला उर्दू मजकूर लिहायचा. पहिला कागद हातात घेऊन त्यांनी तो उलटा केला.

"मियाँ, पीठ कोरी काइकू छोडरे? कातिब खाली बैठा है. चार सतर उर्दू डाल देतूं. उसके पैसे नक्को."

"नक्को चाचा. मराठी स्कूल है."

"मराठी तो बच्चे पढेंगे, बेटा," ते म्हणाले. "परचा तो बाप पढेगा ना?"

मी गठ्ठा सायकलला बांधला आणि निघालो. रस्त्यात त्यांच्यावर मनातल्या मनात एक पत्रकही लिहिलं.

घरी वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पहिली प्रत दिली. दादा गावाकडची शेती भावांवर सोडून तरुणपणी शहरात आले आणि धान्याच्या आडतीवर मुनीम झाले. त्यांनी कागद हातभर लांब धरला.

"झकास छापलंय."

"वाचा की."

"चष्मा दुकानात राह्यला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी वर आलेली मला दिसत होती. मी काही बोललो नाही, आणि हे न बोलणं मला त्या वेळी समजूतदारपणाचं वाटलं. पगार झाला की रेल्वेतली मराठी मंडळी महिन्याचं धान्य भरायला त्यांच्या आडतीवर यायची. म्हणून पन्नास पत्रकं त्यांच्याकडे दिली, "वाटा तेवढी" म्हणालो, आणि माझ्या कामाला लागलो. भाषण पाठ करायचं होतं.

रविवारी सकाळी माणसं आली. खोटं कशाला सांगू, मला इतकी अपेक्षा नव्हती. तारनाक्याकडची मंडळी एकाच बसने, घोळक्याने आली. पुरुषांचे सदरे इस्त्रीचे, बायका नव्या लुगड्यांत, पोरांच्या डोक्यावर तेल चपचपलेलं. बाई दाराशी उभ्या राहून मुलं मोजत होत्या. एकोणतीस. त्यांनी माझ्याकडे पाहून खडूचा हात वर केला. हसताना मी त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं.

पुढच्या खुर्च्या समितीच्या कुटुंबांसाठी होत्या. आलेल्यांसाठी मागे सतरंजी. हे कोणी ठरवलं नव्हतं. आमच्याकडे असं ठरवावं लागत नाही, आपोआप होतं.

समई लागली. पाहुणे बोलले. अध्यक्ष बोलले, डोळे भरून आले. मी बोललो. अकरा वाजून गेले. बाई दोनदा मंचाशी आल्या आणि दोनदा मी हातानेच 'थांबा' म्हणालो. तेवढ्यात सतरंजीवर एका पोराने चड्डी ओली केली आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मुतारी भिंतीपलीकडे दहा पावलांवर होती. ती कोणालाच दाखवली नव्हती.

मग सह्या. पहिली अध्यक्षांची, वळणदार, खाली दोन टिंबं. टाळ्या. नंतर समितीच्या लोकांच्या. मग मी लाउडस्पीकरवरून सतरंजीकडे वळलो. "या! घाबरू नका!"

पहिला उठला तो एक फिटर. नखांत कारखान्याचं काळं, सदरा पांढराशुभ्र. त्याचं बोट धरून सहाएक वर्षांची मुलगी, तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली नवी पाटी. टेबलावरचा टाक त्याने घेतला नाही. खिशातून स्वतःचं फाउंटन पेन काढलं, टोपण मागे लावलं, वाकला आणि वहीच्या उजव्या कडेवर नीब टेकवली.

"मराठीत, काका!" मी माइकवरून म्हणालो. "आज तरी मराठीत!"

पुढच्या खुर्च्या हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. घरात पाहुण्याचं काही चुकलं की हसतात तसं. त्यानेच जास्त लागतं.

"सवय जात नाही हो!" अध्यक्ष म्हणाले. "ते राज्य गेलं आता!"

फिटर सरळ उभा राहिला. "मला मराठी लिवता येत नाही," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण माइक माझ्या हातात होता आणि मी तो त्याच्यासमोर धरला होता. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. मुलीने मान वर करून बापाकडे पाहिलं.

"मग अंगठा चालेल," अध्यक्ष मायेने म्हणाले आणि शाईची डबी त्याच्याकडे सरकवली. "त्यात काय लाजायचं?"

फिटरने पेनला टोपण लावलं. दोनदा दाबून पाहिलं. "साहेब, आमच्या लाइनीतल्या समद्यांच्या दरखास्ती मी लिवतो. थेट इंजिनियर साहेबाला. अंगठा माझ्या बापानं दिला. मी देत नसतो."

"मग मराठी का नाही शिकलात?"

हा प्रश्न अध्यक्षांचा नव्हता. माझा होता.

"गेलतो की शिकायला," तो म्हणाला. आता त्याचा आवाज हळू नव्हता. "गावच्या मराठी शाळेत आमाला भाईर बसवायचे, पायरीखाली. तिथून फळा दिसत नव्हता. तालुक्याला उर्दू शाळेच्या मास्तरानं हाताला धरून आत बाकावर बसवलं. जिथं फळा दिसला तिथलं आलं." त्याने मुलीच्या गळ्यातली पाटी नीट केली. "हिला तरी मराठी फळा दिसंल म्हणून आणलतं."

आणि तो मंचावरून उतरला. त्याच्यामागे सतरंजीवरचा एकेक जण उठला. आरडाओरड झाली नाही. झाली असती तर बरं होतं, भांडणाला मला उत्तर देता येतं. बायकांनी चपला घातल्या, पोरं कडेवर घेतली, आणि ज्या बसने आले तिच्या थांब्याकडे चालायला लागले. बाई अनवाणी फाटकापर्यंत धावल्या. तिथे त्या कोणाशी काय बोलल्या ते मला माहीत नाही. परत आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा मुलं मोजली. या वेळी हात वर केला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तारनाक्याला गेलो. रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीत फिटरचं घर विचारायला लागलं नाही. 'दरखास्तवाले' म्हटलं की पोरंच नेऊन सोडत होती. त्याने मला खाटेवर बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, काच अजून कोरी करकरीत. बायकोने चहा दिला. मुलीने माझ्यासमोर पाटी धरली. पाटीवर गोल गोल तेलुगू अक्षर होतं. रस्त्यापलीकडच्या तेलुगू शाळेत तिचं नाव घालून झालं होतं.

मी बोलायला लागलो. चूक झाली म्हणालो, मग चूक का झाली ते म्हणालो, मग मराठी पहिली का टिकली पाहिजे ते म्हणालो. माझ्या लक्षात आलं की मी आता उभा राहून बोलतोय.

"बसा, भाऊ," फिटर म्हणाला. "बोलता लई चांगलं. पण तुमच्या बोलण्यावर आमी आलोच नव्हतो."

त्याने फळीवरून घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक. त्याने ते उलटं करून माझ्या हातात दिलं. "ह्याच्यावर आलतो."

मागची बाजू कोरी नव्हती. काळ्या शाईत, बारीक उभ्या वळणाचं उर्दू. ते अक्षर मी जन्मल्यापासून ओळखतो. मी वाचलं. लिहिलं होतं ते असं:

'चिक्कडपल्लीत मराठी शाळा आहे. ऐतवारी दहाला लेकरांना घेऊन जा. बाई चांगल्या आहेत, मारत नाहीत. मराठी वाचता येत नसेल तरी बेफिकीर जा, तिथे कोणी विचारणार नाही. मलाही येत नाही. माझा मुलगा तिथे आहे.'

पन्नास पत्रकं. पोत्यांच्या मधे बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, हाताने लिहिलेली. एकोणतीस मुलं माझ्या मथळ्याने आली होती असं मला तीन दिवस वाटत होतं.

"लिवणारे तुमचेच वडील, हे दुकानावर कळलं," फिटर म्हणाला. "त्यांना काय बोलू नका. भला माणूस हाय."

घरी आलो. दादा जेवत होते.

"मागे उर्दू तुम्ही लिहिलंत?"

"हाव."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर लिहू दिलं असतंस का?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. "काल त्यातले तिघं आलते आडतीवर. माल घेतला अन् गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रामराम केला नाही."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला.

"एक विचारू? मी आलो असतो त्या दिवशी, तर माझ्यापुढंबी डबी सरकवली असती का?"

मी गप्प.

"आता एवढा लिहिणारा, बोलणारा तू. बोल की."

जूनअखेर पटावर अठरा नावं होती. जुलैत पहिली बंद झाली. अठरा मुलं इकडे तिकडे विखुरली, काही तेलुगूत, काही उर्दूत, दोन अध्यक्षांच्या चिठ्ठीवर इंग्रजी शाळेत. बाईंची जागा गेली. त्या नांदेडला भावाकडे गेल्या. जाताना सह्यांची वही माझ्या हातात दिली. "ही तुमची," म्हणाल्या, बाकी काही नाही. त्या वहीत पहिल्या पानावर अध्यक्षांची वळणदार सही आहे, समितीच्या सह्या आहेत, आणि पानाच्या उजव्या कडेला शाईचा एक ठिपका, तिथून निघालेली अर्धा बोट रेघ. त्यापुढे पान रिकामं.

अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. निषेधाचं पत्रक काढायचं होतं. मथळा त्यांनीच सुचवला: 'मराठीची गळचेपी!' सरकारला मी सोडत नाही. तो पंचवीसचा आकडा ज्याने खुर्चीत बसून काढला त्याच्या दारात मी अजूनही जाऊन बसेन. पण गळ्यावर बोटं कोणाकोणाची होती, हे मी पाहिलं होतं. दोन माझीच होती.

मी झालं ते लिहिलं. पुढे मराठीत, सतरंजी आणि खुर्च्यांसकट, डबीसकट, माइकसकट. उद्गारचिन्ह एकही नाही. मागे तेच उर्दूत, माझ्याच हाताने, लहान मुलाच्या अक्षरात, दादांना विचारून विचारून.

अध्यक्षांनी पुढची बाजू वाचली. ओठ आवळले. मग कागद उलटा केला. उजवीकडून डावीकडे त्यांची नजर सरसर गेली, एका ठिकाणीसुद्धा अडखळली नाही. अख्खी वकिली उर्दूत केलेला माणूस. मधेच सवयीने पेन्सिल उचलून त्यांनी माझा एक शब्द दुरुस्तही केला.

मग कागदाची घडी घालून माझ्याकडे परत सरकवली.

"पण हे," ते म्हणाले, "वाचणार कोण?"